हृदयावरचा वण

सकाळी साडेआठ

आज टेबलावर एका झडपेचे दोन तुकडे आहेत, एका बाटलीत हृदयाच्या आवरणाच्या जाड साली आहेत, आणि ट्रेमध्ये मंगळवारी कापलेल्या एका हृदयाचे काप पुन्हा मांडून ठेवले आहेत. तीन वेगवेगळी माणसं आणि तीन वेगवेगळी निदानं. मला मात्र तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट पाहायची आहे: वण किती, कुठे आणि किती जुना.

मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात हृदयाचे नमुने माझ्याकडे येतात. दिवसाची सुरुवात ग्रॉसिंगने होते, म्हणजे नमुना उघड्या डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचा, वजन करायचं, कापायचा आणि मायक्रोस्कोपखाली कोणता तुकडा जाणार ते ठरवायचं. नव्या रेसिडेंटना मी पहिल्याच आठवड्यात सांगते की सगळा खेळ इथे आहे. तुकडा चुकीच्या जागेचा घेतला, तर पुढे कितीही भारी मायक्रोस्कोप असला तरी तो काही दाखवणार नाही.

मंगळवारचं हृदय पोलिसांमार्फत आलं. हवालदार बरणी घेऊन आले, सोबत पत्र, पंचनाम्याची प्रत आणि शवविच्छेदनाची टिपणं. नशिबाने हृदय फॉर्मालिनमध्ये होतं. अधूनमधून एखादं मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून पाठवलं जातं. विषाच्या रासायनिक तपासणीसाठी ते ठीक आहे, पण त्यात पेशींची रचना टिकत नाही. एका माणसाच्या मृत्यूचं कारण तिथेच निसटून जातं, आणि याचा मला दर वेळी तितकाच त्रास होतो.

नऊ

हृदय एका पुरुषाचं, चाळिशीच्या आतल्या. वजन ४१० ग्रॅम. निरोगी प्रौढाचं साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरतं. समोरून उतरणारी मोठी रोहिणी दर तीन मिलिमीटरवर आडवी कापत गेलं की वरच्या भागातच पिवळा थर आणि त्यावर बसलेली ताजी गुठळी दिसते. मृत्यूचं कारण ते. पण डाव्या जवनिकेचे काप पाहिले तर टोकाकडे, समोरच्या भिंतीत, पांढुरका करडा पट्टा आहे. तिथे भिंत निम्म्याने पातळ झाली आहे. सुरी तिथे पोहोचली की हाताला फरक कळतो: स्नायू सहज कापला जातो, वण अडवतो.

ताजा झटका डोळ्यांना दिसत नाही. पहिले बारा तास तरी हृदयाच्या स्नायूत उघड्या डोळ्यांना दिसेल असा बदल होत नाही, आणि हा माणूस काही तासांतच गेला. दिसतो तो जुना वण, म्हणजे या माणसाला आधी एक झटका येऊन गेला होता. पंचनाम्यात नातेवाइकांचा जबाब आहे: रात्री छातीत जळजळ झाली, अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन झोपला. त्याच्या खाली आणखी एक ओळ. काही महिन्यांपूर्वी ‘पाठीत भरलं होतं’, तेव्हा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून आठवडाभर घेतल्या.

ती ओळ मंगळवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

झटका आल्यावर स्नायूत काय होतं, ते दिवसागणिक सांगता येतं. पहिल्या एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मेलेल्या भागात झुंडीने शिरतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसात मॅक्रोफेज येतात आणि मेलेला स्नायू गिळून जागा साफ करतात. भिंत सर्वांत कमजोर असते ती याच दिवसांत. ती फाटण्याचा धोकाही तेव्हाच. मग फायब्रोब्लास्ट कोलॅजन विणू लागतात, आणि दोनेक महिन्यांत तिथे घट्ट वण तयार होतो. स्नायू परत उगवत नाही. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये एक विलक्षण पुरावा दिला. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या डीएनएमध्ये उतरला होता; तो मोजून त्यांनी हृदयाच्या स्नायुपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या. एवढ्यावर झटक्याची भरपाई होत नाही.

म्हणजे वण हा शत्रू नव्हे. तो झाला नसता तर हा माणूस पहिल्याच झटक्यात भिंत फाटून गेला असता. त्रास सुरू होतो तो वण गरजेपेक्षा पसरला की, किंवा कोलॅजनचे धागे वणाबाहेर, जिवंत स्नायूच्या पेशींमध्ये शिरले की. मग हृदय ताठर होतं, नीट भरत नाही. वणाच्या कडेने विजेचा प्रवाह गोल फिरू लागला की ठोके बिघडतात आणि माणूस चालता चालता कोसळतो.

इतकं समजलं की पुढची कल्पना कुणालाही सुचेल: ही सूज औषधाने कमी केली तर वण कमी होईल. डॉक्टरांनाही ती सुचली होती. १९७० च्या दशकात झटक्याच्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. १९७६ मध्ये रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं की स्टेरॉइडने मेलेल्या स्नायूचा भाग उलट वाढला आणि ठोक्यांची गडबडही वाढली. पुढे इंडोमेथासिन हे वेदनाशामक प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर वापरलं, तेव्हा वण पातळ पडला आणि तिथली भिंत ताणली गेली. साफसफाई करणाऱ्या पेशींनाच अडवलं, तर दुरुस्ती अर्धवट राहते.

डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन इंडोमेथासिनच्याच कुळातली. झटक्यानंतर ही औषधं टाळावीत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतली तर ती स्वतःच झटक्याचा धोका वाढवतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये याच कारणाने जगभरातून मागे घेतलं गेलं. ट्रेमधल्या या माणसाने त्या आठवड्यात कोणती गोळी घेतली, ते कागदावर नाही. पण पाठीत भरलं म्हणून चिठ्ठीशिवाय काउंटरवरून मिळणारी गोळी बहुधा कोणती असते, ते आपल्या गल्लीतल्या कुणालाही ठाऊक आहे.

साडेअकरा

झडप. हृदयशस्त्रक्रिया विभागाने बदललेली मायट्रल झडप, एका तिशीतल्या बाईची. पाकळ्या जाड, कडा एकमेकींना चिकटलेल्या, खालचे दोर आखडून तोकडे झालेले. संधिवाताच्या तापाचा वण. लहानपणी घसा दुखला, ताप आला, गुडघे सुजले, मग सगळे ते विसरून गेले. मुलाला जन्म देताना दम लागला तेव्हा कुठे कळलं.

इथे मात्र सूज उतरवून वण टळतो का, या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. १९५५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून जवळपास ५०० मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. काहींना अ‍ॅस्पिरिन, काहींना कॉर्टिसोन, काहींना एसीटीएच हे संप्रेरक. ताप उतरला, सांधे सुधारले, पण वर्षभरानंतर हृदयाच्या बाबतीत तिन्ही गटांत फरक नव्हता. सूज उतरवल्याने झडप वाचली नाही. झडप वाचते ती या तापामागच्या जिवाणूला परत घशात येऊ न दिल्याने, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने. युगांडातल्या मुलांवरची २०२२ ची चाचणी तेच सांगते: आजार सुरुवातीच्या टप्प्यात असताना इंजेक्शनं घेणाऱ्यांत तो ०.८ टक्के मुलांत पुढे सरकला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. इंजेक्शन दुखतं, मुलं रडतात, आया दोन वेळा येतात आणि मग येईनाशा होतात. झडप कापताना मला त्या न घेतलेल्या इंजेक्शनांचा हिशेब दिसत असतो.

आवरणाच्या सालींना वेळ लागत नाही. कात्रीखाली करकर वाजतात, कॅल्शियम साचलंय. आपल्याकडे असं घट्ट आवळणारं आवरण दिसलं की पहिला संशय क्षयाचा. तुकडे घेतले, क्षयाचे जिवाणू दाखवणाऱ्या ‘झेडएन’ रंगासाठी वेगळी खूण केली. इथे सूज कमी करण्याचा थोडा उपयोग आहे. केप टाउनच्या बोंगानी मायोसी यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकेत १४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०१४ साली, क्षयाच्या औषधांसोबत प्रेडनिसोलोन दिल्यावर आवरण आवळलं जाण्याचं प्रमाण ७.८ वरून ४.४ टक्क्यांवर आलं. मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णांत कर्करोगाचा धोका वाढला.

दीड

डबे उघडले. ब्लॉक करणारे मामा समोर बसले. विभागात मला येऊन जितकी वर्षं झाली, त्याहून त्यांची जास्त झाली आहेत. मायक्रोटोमवर, म्हणजे बारीक काप काढणाऱ्या यंत्रावर, त्यांच्यासारखी अखंड रिबन दुसऱ्या कुणाची निघत नाही.

“मॅडम, हृदयावर वण होऊ देत नाही अशी गोळी निघालीय म्हणे? स्वस्त आहे म्हणतात. मेव्हण्याला अ‍ॅटॅक येऊन गेलाय, आणून देऊ का?”

“कोल्चिसिन म्हणताय का मामा?”

“तेच. अहो, ती तर मी स्वतः घेतो, अंगठा सुजला की.”

मामांना गाउट आहे, आणि त्यांची गोळी खरोखरच तीच आहे. म्हणून मी डबा बाजूला ठेवला आणि नीट सांगितलं. गोळी खरी आहे, जुनी आहे. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिये आणि काव्हांतू यांनी ते द्रव्य युरोपातल्या एका कंदवनस्पतीतून वेगळं काढलं. आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची, तिच्यातही तेच द्रव्य असतं. तमिळनाडूत तिच्या बियांसाठी शेती होते. तीच कळलावी खाऊन माणसं मरतातही. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांच्यात अंतर थोडं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर नेहमीची मात्राही अंगावर येऊ शकते.

“म्हणजे देऊ नको.”

“तुम्ही देऊ नका. त्याला त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारू दे, रक्ताचे रिपोर्ट घेऊन. आणि एक सांगा, गुडघे किंवा पाठ दुखली की तो काही घेतो का?”

घेत होता. मामांनी त्या वेदनाशामकाचं नाव सांगितलं, आणि मी डबा बंद करून त्यांना तिथूनच मेव्हण्याला फोन लावायला लावला. कोल्चिसिनपेक्षा हे जास्त तातडीचं होतं.

अडीच

रेसिडेंटचा जर्नल क्लब. विषय मीच दिला होता: कोल्चिसिन आणि हृदयाचा वण. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने चांगली तयारी केली होती.

औषध काम कसं करतं, ते तिने फळ्यावर काढून दाखवलं. पेशीच्या आत ट्युब्युलिनच्या नळ्यांचं जाळं असतं; कोल्चिसिन त्यावर बसून नळ्या तयार होऊ देत नाही. नळ्या नसतील तर न्यूट्रोफिल नीट सरकू शकत नाहीत. इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश तयार करणारी एनएलआरपी-३ ही जुळणीही बिघडते. आणि तिसरी गोष्ट, जी मला पॅथॉलॉजिस्ट म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते: फायब्रोब्लास्टला कोलॅजन पेशीबाहेर टाकायलाही याच नळ्या लागतात. वणाकडे जाणाऱ्या वाटा हे औषध अशा एकाहून अधिक ठिकाणी अडवतं. उंदरांच्या प्रयोगांत झटक्यानंतर कोल्चिसिन दिल्यावर हृदयाचं काम सुधारलेलं दिसलं आहे. आतड्याच्या सुजेवर दिलं जाणारं मेसालाझिनही हृदयाच्या फायब्रोब्लास्टवर काचपात्रात आजमावलं गेलंय, आणि तिथे त्या पेशींची वाढ मंदावते. पण काचपात्रात हृदय धडधडत नाही आणि तिथे भिंत फाटत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांकडे आलो. माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या जाँ-क्लोद तार्दिफ यांची कोलकॉट, २०१९: झटका येऊन महिना न झालेले ४७४५ रुग्ण, रोज अर्धा मिलिग्रॅम. मृत्यू, झटका, पक्षाघात वगैरे मिळून घटनांचं प्रमाण ७.१ वरून ५.५ टक्के. पुढच्या वर्षी लोडोको-२: हृदयविकार स्थिरावलेले ५५२२ रुग्ण, ९.६ वरून ६.८. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीला हृदयासाठी मान्यता दिली. आणि मग २०२४ मध्ये क्लिअर: झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या, ७०६२ रुग्णांच्या सर्वांत मोठ्या चाचणीत ९.१ विरुद्ध ९.३. काहीच फरक नाही.

“मॅडम, मग कुणाचं खरं?” एकाने विचारलं.

मी म्हटलं, आधी पाहा की यांनी मोजलं काय. या तिन्हींनी घटना मोजल्या, वण मोजलाच नाही. वण मोजणारी चाचणी आहे फ्रान्समधली कोव्हर्ट-एमआय, २०२१. मोठ्या झटक्याच्या १९२ रुग्णांना पाच दिवस कोल्चिसिन, सुरुवातीला मोठी मात्रा, आणि मग एमआरआय. मेलेल्या स्नायूच्या आकारात फरक पडला नाही. उलट डाव्या जवनिकेत गुठळी झालेले रुग्ण औषधाच्या गटात जास्त निघाले, सात टक्क्यांच्या जागी बावीस. त्याआधी ग्रीसमधल्या १५१ रुग्णांच्या छोट्या चाचणीत रक्तातल्या एन्झाइमवरून नुकसान कमी दिसलं होतं.

मला यावर जे वाटतं ते मी मुलांना स्पष्ट सांगितलं. पहिल्या तीन दिवसांचा दाह आणि तिसऱ्या महिन्यातला दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मेलेलं साफ करतो. तो दडपण्याच्या प्रयत्नांत १९७६ पासून पदरात नुकसानच जास्त पडलंय. दुसरा रेंगाळतो, जिवंत स्नायूत कोलॅजन पेरत राहतो, आणि तिथे छोट्या मात्रेतल्या या जुन्या गोळीला वाव आहे असं मला मनापासून वाटतं. ते सिद्ध करायचं तर झटक्यानंतर काही आठवड्यांनी औषध सुरू करून, वर्षभराने एमआरआयवर स्नायूतलं कोलॅजन मोजावं लागेल. आपल्याकडे रुग्ण आहेत, औषध स्वस्त आहे, मोठ्या रुग्णालयांत एमआरआय आहेत. हा प्रश्न आपण सोडवावा, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यातल्या दोघांनी वहीत लिहून घेतलं.

एका ठिकाणी मात्र कोल्चिसिनबद्दल वाद उरलेला नाही: क्षयाशिवायच्या साध्या पेरिकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या आवरणाच्या सुजेत. इटलीच्या मास्सिमो इमाझियो यांच्या २०१३ च्या चाचणीत दुखणं न थांबण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण ३७.५ वरून १६.७ टक्क्यांवर आलं. हा मुद्दा परीक्षेत हमखास येतो, म्हणून दोनदा सांगितला.

साडेचार

मामांनी मॅसनच्या स्लाइड आणून ठेवल्या. हा रंग पिएर मॅसन यांनी बसवला, तेही तार्दिफ यांच्यासारखे माँट्रियलचे, १९२७ पासून तिथे शिकवत. चार मायक्रॉनचा काप, आधी बुआँच्या द्रावणात, मग लोहाचं हिमॅटॉक्सिलिन, बीब्रिश स्कार्लेट, फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल आणि शेवटी अ‍ॅनिलिन ब्लू. त्या आम्लात वेळ कमी पडला तर लाल नीट उतरत नाही आणि वण जांभळट दिसतो. आजची स्लाइड स्वच्छ आहे: स्नायू लाल, कोलॅजन निळं, केंद्रकं काळी.

छोट्या भिंगाखाली जुना वण सलग निळा, कडेला नकाशातल्या किनाऱ्यासारखा तुटक. त्या निळ्यात अडकून राहिलेल्या लाल पेशींची छोटी बेटं. हीच जागा धोक्याची. वीज याच बेटांमधून वाट काढत रेंगाळते. भिंग बदललं. वणापासून लांब, जिथे मंगळवारी सुरीला काहीच जाणवलं नव्हतं, तिथेही पेशीपेशींच्या मधून बारीक निळे धागे गेले आहेत. पहिल्या झटक्याची सूज ओसरल्यावरही काहीतरी चालू राहिलं होतं, महिनोन्‌महिने. दुपारी मुलांना जे सांगितलं ते इथे डोळ्यांसमोर आहे. अर्थात कारण एकटा दाहच असेल असं नाही. उरलेल्या स्नायूवर पडलेला ताण आणि वाढलेला रक्तदाबही हेच करतात.

नेहमीच्या एच अँड ई रंगाच्या स्लाइडवर ताज्या झटक्याच्या खुणा सापडल्या: नागमोडी झालेले तंतू, मधूनच गडद गुलाबी पेशी, न्यूट्रोफिल अजून आलेले नाहीत. काही तासांचा झटका. कागद आणि काच जुळले.

पावणेसहा

रिपोर्ट लिहिला: रोहिणीत ताजी गुठळी, काही तासांचा नवा झटका, किमान दोन महिने जुना बरा झालेला झटका, आणि वणाबाहेरच्या स्नायूत पसरलेलं फायब्रोसिस. असा रिपोर्ट न्यायवैद्यक विभागामार्फत तपास अधिकाऱ्याकडे जातो आणि फाइलला लागतो. घरच्यांपर्यंत बहुतेक वेळा ‘हार्ट अ‍ॅटॅक’ एवढाच शब्द पोहोचतो. म्हणून शेवटी मी एक ओळ स्वतःहून घालते: सख्ख्या भावंडांची रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी व्हावी. चाळिशीच्या आत दोन झटके येतात, तेव्हा कोलेस्टेरॉलचा वारसा असण्याची शक्यता तपासायलाच हवी.

न्यायवैद्यकच्या सरांना फोन केला. मृताचा धाकटा भाऊ गुरुवारी कागदपत्रं न्यायला येणार आहे. मी म्हटलं, सर, त्याला नुसते कागद देऊन पाठवू नका, त्याच वेळी मेडिसिनच्या ओपीडीत पाठवा, उपाशीपोटी यायला सांगा. सर म्हणाले, ओपीडी साडेबाराला बंद होते आणि ही माणसं दुपारी उगवतात. मग मी ओपीडीच्या सिस्टरना फोन लावला आणि त्याच्या नावाचा केसपेपर आधीच काढून ठेवायला सांगितला.